शिवणीचं चित्र नको, शिवण हवी : फिलिपिन्सच्या सहली काढणाऱ्यांना खुलं पत्र

सहल-आयोजक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी येवल्याची. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून पैठणीचा माग आहे आणि लग्नाआधीपासून आजपर्यंत माझे दिवस मागाच्या खड्ड्यात पाय सोडूनच गेले. तुमच्या धंद्यातलं मला काही कळत नाही. विमानं, हॉटेलं, परमुलखात वरण-भाताची सोय, चाळीस माणसांच्या चाळीस तऱ्हा, हे सगळं तुम्ही निभावून नेता याचं मला कौतुकच आहे. पण कापडातलं मला कळतं, आणि कापडाबद्दलच हे पत्र आहे.

८ जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये चौदा दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीहून मनिलाला थेट विमानही सुरू झालं. तेव्हापासून आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिलिपिन्सच्या सहलींच्या जाहिराती यायला लागल्या. आधी नुसती समुद्रकिनाऱ्यांची बेटं असायची, मग डोंगरातली पायऱ्यांची भातशेती आली, आणि आता त्यात नवीन ओळ वाढली आहे : ‘कलिंगा गावात शंभरी पार केलेल्या आजींकडून टॅटू, पारंपरिक वेशात फोटो’. अशा एका जाहिरातीत चार मराठी बायका लाल पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र कमरेला गुंडाळून हसत उभ्या होत्या. जाहिरात कोणाची ते मी सांगणार नाही, कारण नंतर तसेच फोटो मी आणखीही ठिकाणी पाहिले.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. सवयच आहे ती. कापड दिसलं की आधी काठ बघायचा, मग पोत. चौघींच्याही वस्त्रावर मांडीच्या उंचीला पिवळ्या-पांढऱ्या टाक्यांची आडवी रांग होती. पण त्या जागी कापडाला जाडी नव्हती, कुठे चुणी पडलेली नव्हती, टाक्याची सावली नव्हती. टाके छापलेले होते. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना शिवलेल्या असायला हव्यात, तिथे शिवण नव्हतीच. शिवणीचं चित्र होतं.

हे मला लगेच कळलं, कारण या जानेवारीत ती खरी शिवण मी हातात धरून आले आहे.

माझी भाची मनिलात नोकरीला आहे. तिच्याकडे गेले होते. परत निघायला आठवडा उरला तेव्हा तिनं विचारलं, मावशी, आणखी काय बघायचंय? म्हटलं, इथल्या विणणाऱ्या बायका दाखव. तिनं चौकशी केली आणि आम्ही दोघी रात्रीच्या बसनं ताबुकला गेलो. ताबुक हे कलिंगा प्रांताचं मुख्य ठिकाण. लुझॉन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा नावाची मोठी डोंगररांग आहे, त्यात हा प्रांत येतो. आधी तो शेजारच्या आपायाओला जोडलेला होता, १९९५ साली वेगळा झाला. कलिंगा म्हटलं की आपल्याला शाळेतला सम्राट अशोक आठवतो, पण त्या कलिंगाशी यांचा काही संबंध नाही. तुमच्या गाइडना हे एकदा नीट सांगून ठेवा, कारण मनिलाच्या विमानतळावर मी एका मराठी गृहस्थांना हे लोक ओडिशाहून गेले असं ठामपणे सांगताना ऐकलं. मनिलाकडच्या टागालोग भाषेत मात्र ‘कलिंगा’ असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मायेनं सांभाळणं.

ताबुकहून जीपनीनं, म्हणजे तिकडच्या वडापच्या गाडीनं, चिको नदीच्या काठाकाठानं वर चढत लुबुआगान. गाव लहान, पण तिथल्या लोकांना त्याचा फार अभिमान. १९०० साली अमेरिकन फौजा मागावर असताना फिलिपिन्सचे पहिले अध्यक्ष आगिनाल्दो यांनी इथे मुक्काम ठोकला होता आणि काही आठवडे सरकारचा कारभार याच गावातून चालला होता. लुबुआगानमध्येच माबिलोंग नावाची विणणाऱ्या बायकांची वस्ती आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक घराच्या ओसरीवर कोणी ना कोणी विणायला बसलेलं दिसतं.

आता माग सांगते. आमचा माग म्हणजे लाकडाचं घरच असतं. त्याच्यासाठी जमिनीत खड्डा, वर आडू, शेजारी रहाट. तो हलवायचा म्हणजे चार माणसं लागतात. माबिलोंगच्या बाईचा माग ती काखेत मारून नेऊ शकते. ताण्याचं एक टोक ओसरीच्या खांबाला बांधलेलं, दुसरं टोक एका काठीला, आणि त्या काठीच्या दोन्ही टोकांना अडकवलेला पट्टा तिच्या कमरेमागून गेलेला. ती जमिनीवर पाय लांब करून बसते. मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. बाण्याचा धागा घातला की लाकडी तलवारीसारख्या गुळगुळीत पट्टीनं तो ठोकून बसवायचा. आमची फणी जे काम करते ते तिथे ही पट्टी आणि बाईचा खांदा मिळून करतात. ती उठली की मागच उरत नाही. खांबाला लोंबणारे धागे आणि चार काठ्या, एवढंच राहतं.

जिच्या ओसरीवर आम्ही बसलो तिला मी मनांग म्हणत होते. इलोकानो भाषेत थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात, तिकडे सगळे असंच हाक मारतात. भाची आमच्या दोघींच्या मध्ये इंग्रजीतून दुभाषी. मीही विणते म्हटल्यावर मनांगनं स्वतःचा पट्टा सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. तीस वर्षं धोटा फेकलेली मी, मला वाटलं जमेल. दोन बोटं कापड विणून होईपर्यंत माझी पाठ भरून आली आणि कड आत ओढली गेली, कारण माझ्या कमरेचा ताण दर धाग्याला वेगळा पडत होता. मनांग काही बोलली नाही. माझ्या हातावर हात ठेवला, मला उठवलं, आणि मी घातलेले धागे एकेक करून उसवले. मग बसली आणि जिथे माझं कापड आत गेलं होतं तिथून सरळ रेषेत पुढे विणायला लागली.

या कापडाला तिकडे लागा म्हणतात, आणि बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र काइन. उच्चार का-इन, दोन्ही अक्षरं सुटी. (मनिलात याच उच्चाराचा शब्द जेवण्यासाठी आहे, म्हणून भाची आधी गोंधळली होती.) बाहेरचे लोक तापिसही म्हणतात, पण तो फिलिपिन्सभरचा सरसकट शब्द झाला. तुम्ही तुमच्या माहितीपत्रकात काइन असंच छापा. ‘आदिवासी ड्रेस’ हा काही शब्द नव्हे. येवल्याच्या लुगड्याला कोणी ‘इंडियन क्लॉथ’ म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

काइनची जमीन लाल, ठसठशीत लाल. त्यात काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या रेघा, काही बोटभर रुंद तर काही दोन-चार धाग्यांच्या. मधल्या रुंद पट्ट्यांत बारीक नक्षी : डोंगरांचे त्रिकोण, नदीची नागमोड, आणि मध्ये ठिपका असलेली चौकट, जिला डोळा समजतात. तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या दंडांवर गोंदण असतं. काइन नेसून अशी आजी उभी राहिली की गोंदणातल्या आणि वस्त्रातल्या चौकटी एकाच कुळातल्या आहेत हे सांगावं लागत नाही. माझ्या आजीच्याही हातावर गोंदण होतं. तिकडे दारात बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघून मला तिची फार आठवण आली.

आणि आता ती शिवण. कमरेला बांधलेल्या मागावर बाईच्या दोन हातांत मावेल एवढाच पन्हा विणता येतो. मी वितीनं मोजला, दोन विती भरला नाही. एवढ्या पन्ह्यात वस्त्र होत नाही, म्हणून दोन पट्ट्या विणायच्या आणि लांबीच्या कडांनी एकीला एक जोडायच्या. हा सांधा लपवत नाहीत. त्याच्यावरच सुईनं रंगीत दोऱ्याचं भरतकाम करतात, दाट टाक्यांचं, इतकं की बोट फिरवलं तर दोरीसारखं लागतं. भारी काइनवर शिंपल्याच्या मोत्यासारख्या चमकणाऱ्या चकत्याही टाकलेल्या असतात, नखाएवढ्या. समुद्र तिथून किती लांब, तरी शिंपला डोंगरात पोचला तो देवाणघेवाणीतून. चालताना त्या एकमेकींवर आपटून बारीक वाजतात. आमच्याकडे सांधणी म्हणजे जुन्या ताण्याला नवा ताणा एकेक तार पिळून जोडणं. संपूर्ण कामातलं सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात चिकाटीचं. मनांगला ते सांगितलं तर तिनं तो सांधा माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, याला वेळ लागतो, विणण्याइतकाच.

आता तुमच्या लक्षात येईल की तो फोटो पाहून माझ्या पोटात का कालवलं. छापणाऱ्या यंत्राला हवा तेवढा पन्हा मिळतो. त्याला सांध्याची गरजच नाही. तरी सांधा छापला, कारण त्याशिवाय ते काइनसारखं दिसत नाही. बाईच्या हाताची लांबी, तिचा ताण, सुईचे तिचे दिवस, हे सगळं एका रंगीत रेघेत उरकलं.

हे दुःख मला कलिंगात जाऊन शिकावं लागलं नाही. येवल्यात आम्ही ते रोज गिळतो. खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते, कारण पदरावरची नक्षी एकेक रंगाच्या कांडीनं हातानं गुंतवलेली असते. यंत्रावर निघालेल्या साडीची उलटी बाजू बघा, लोंबते धागे नाहीतर कातरलेली टोकं दिसतात. त्याला बाजारात सेमी पैठणी म्हणतात, आणि लग्नाच्या याद्यांतून ते ‘सेमी’ कधीच गळून पडलं. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मानांकन चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण गिऱ्हाइकानं साडी उलटून पाहिली नाही तर कागदावरचं मानांकन कुठे कामाला येणार? फिलिपिन्समध्येही कायदे आहेत. १९९७ चा मूळनिवासी हक्क कायदा तिथल्या जमातींना त्यांच्या परंपरेतल्या ज्ञानावर आणि कलेवर मालकी देतो. भौगोलिक मानांकनाचे नियम तिथे २०२२ मध्ये आले. पण मराठी पर्यटकाच्या अंगावर काय गुंडाळायचं हे त्या दिवशी तुमचा गाइड ठरवतो.

आणि ही माणसं कोणापुढे पोशाख घालून नाचणारी मंडळी नव्हेत, हेही तुमच्या पाहुण्यांना सांगा. १९७० च्या दशकात मार्कोस सरकारनं चिको नदीवर चार मोठी धरणं बांधायची ठरवली, पैसा जागतिक बँकेचा. गावं, भाताच्या पायऱ्या, पूर्वजांच्या समाध्या पाण्याखाली जाणार होत्या. कलिंगा आणि शेजारच्या बोन्तोक लोकांनी ती होऊ दिली नाहीत. मोजणीसाठी आलेल्यांचे तंबू बायकांनी उपटून फेकले. या लढ्याचे पुढारी माक्लीइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी त्यांच्या बुगनाय गावात गोळ्या घालून मारलं, तरी लोक हटले नाहीत. शेवटी धरणं गुंडाळावी लागली. टॅटूच्या गावासाठी टिंगलायनकडे जाताना तुमची गाडी याच नदीच्या काठानं जाते. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला काही नवा नाही. तिथे दहा मिनिटं गाडी थांबवून एवढं सांगितलं तर मराठी माणसाला ते वस्त्र वेगळं दिसेल.

जाहिरातीतल्या टॅटूवाल्या, बुस्कालान गावच्या आजींबद्दल मला काही म्हणायचं नाही. आपो व्हांग-ओड १९१७ सालच्या. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, बांबूची काडी आणि काजळी, एवढ्यावर त्यांनी गोंदणाची कला जिवंत ठेवली आणि आपल्या नातींच्या पिढीला शिकवली. लोक तिकडे जातात हे चांगलंच. माझं म्हणणं इतकंच की त्याच मुलखात आणखी एक कला आहे, तिच्यापाशी कोणी थांबत नाही, आणि तिचा छाप मात्र सगळे वापरतात.

थांबणं अवघड नाही. मी रस्ता पाहिला आहे. तुमच्या बहुतेक सहली बनावेची भातशेती बघून बोन्तोकवरून टिंगलायनला येतात, बुस्कालान करतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. परत न फिरता तोच रस्ता नदीच्या काठानं पुढे धरा. लुबुआगान लागतं, पुढे ताबुक, आणि ताबुकहून मनिलाला रात्रीच्या बस आहेत. एकच रस्ता दोनदा बघण्याऐवजी नवा मुलूख दिसेल. लुबुआगानला अर्धा दिवस ठेवा. पावसाळ्यात मात्र नको, दरडी कोसळतात. पण तुमच्या सहली बहुधा दिवाळी ते एप्रिल असतात, तो काळ बरा.

तिथे पोचलात की भाड्याच्या फोटो-पोशाखाची पिशवी उघडू नका. ज्याला काइन नेसून फोटो हवा त्यानं विणणारीला विचारावं. मनांगनं मला स्वतःच्या हातानं नेसवलं, टोक कुठे खोचायचं, उघडी बाजू कुठे ठेवायची ते दाखवलं. मी नेसल्याचा तिला आनंदच झाला. पण विचारायला हवं, कारण कॉर्डिलेरातल्या अनेक जमातींत मृताच्या अंगावर घालायची वस्त्रं वेगळी असतात. आपल्याला ती ओळखता येत नाहीत. दुकानात लटकलेलं काहीतरी सुंदर दिसलं म्हणून गळ्यात टाकून हसत फोटो काढला, आणि समोरच्या म्हातारीनं मान फिरवली, असं व्हायला नको.

भावाबद्दल. मनांगनं किंमत सांगितली तेव्हा भाची सवयीनं ‘थोडं कमी’ म्हणायला निघाली होती, मी तिचा हात दाबला. आमच्या दारात येणारं गिऱ्हाईक आठ महिने चाललेल्या पैठणीवर दहा मिनिटं घासाघीस करतं, तेव्हा माझी सासू आत निघून जायची. पाण्याचं निमित्त करून. तुमच्या सहलीच्या खर्चात विमानतळावरच्या चहाचे पैसे कोणी कमी करून मागत नाही. सहलीच्या आधीच्या बैठकीत सांगून टाका : लुबुआगानला घासाघीस करायची नाही, परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. तिथे पट्टे मिळतात, पिशव्या मिळतात, सगळं हातचंच. हल्ली सूत बाहेरून विकत आणतात, सगळंच कापूस नसतं, हेही पाहुण्यांना आधीच सांगा. त्यानं कामाची किंमत कमी होत नाही. आम्हीही रेशीम बंगळुरूहून आणतो.

आणि एक गोष्ट फार कळकळीनं. तुमच्याबरोबर कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या, स्वतः डिझाइन करणाऱ्या ताई येतात. त्यांच्या हातात मोबाइल असतो. काठांचे जवळून फोटो काढून घरी आल्यावर तीच नक्षी ड्रेस मटेरियलवर छापून घ्यायची, हे आता दोन दिवसांचं काम आहे. भिवंडी, इचलकरंजी, सुरत, कुठेही होतं. त्यांना मी बहीण म्हणून सांगते, असं करू नका. नक्षी हवी असेल तर कापड घ्या. जास्त हवं असेल तर जास्त पट्ट्यांची ऑर्डर द्या, आगाऊ पैसे द्या आणि त्यांच्या सवडीनं थांबा.

तिथे नवी मुलं शिकताहेत का, असं तुम्हाला कोणी विचारेल. शिकताहेत. लुबुआगानचेच आलोन्सो साक्लाग यांना २००० साली फिलिपिन्स सरकारनं राष्ट्रीय जिवंत ठेवा हा सन्मान दिला, गोंग वाजवण्याच्या आणि नाचाच्या परंपरेसाठी. त्यांनी शाळांमध्ये महत्त्वाच्या दिवशी मुलांनी कलिंगा पोशाख घालावा असा आग्रह धरला आणि तो रुजला. मनांगच्या शेजारी तिची नात बसली होती, दहा-अकरा वर्षांची. तिच्या कमरेला लहानसा पट्टा, समोर चार बोटं रुंदीचा ताणा. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि बसली. ती पट्टी कशासाठी विचारलं तर म्हणाली, माझी आहे. विकायची नाही.

माझं काइन आता येवल्यात आहे. ते मी नेसत नाही, मागाच्या खोलीत भिंतीला लावलं आहे, सांधा डोळ्यांच्या उंचीला येईल असं. गिऱ्हाइकं विचारतात, मी उलटी बाजू दाखवते. पुढच्या हंगामाचं माहितीपत्रक तुम्ही छापायला द्याल त्याआधी मला बोलवा. नाशिक, पुणे, मुंबई, कुठेही. स्वतःच्या खर्चानं येईन. काइन घेऊन येईन आणि बाजारात मिळालं तर शेजारी ते छापील कापडही ठेवेन. तुमचे गाइड येऊ देत, त्यांनी डोळे मिटून दोन्हींच्या सांध्यावरून बोट फिरवावं.

आपली,
पैठणी विणणारी एक बाई
येवला, जि. नाशिक